आभार आणि तक्रार, दोन्ही एकाच दारी

संकटातही देवाचे आभार मानणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे, हा आक्षेप मला निम्माच पटतो. इ.स. १६३० च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात तुकोबांचा व्यापार बुडाला, गुरेढोरे गेली, पहिली पत्नी आणि मुलगा दगावला. आणि तरीही ‘बरें जालें देवा निघालें दिवाळें’ असे त्यांनी म्हटले. मात्र त्याच अभंगात पुढे ते कारणही सांगतात: या अनुतापामुळे तुझे चिंतन टिकून राहिले. म्हणजे आभार दुष्काळाचे नसून, दुष्काळाने जे उरवले त्याचे आहेत, आणि ते मागे वळून पाहताना मानलेले आहेत, ऐन आकांताच्या क्षणी नव्हेत. ज्याच्या घरात नुकतेच दुःख घडले आहे त्याला ‘देवाचे आभार मान’ असे सांगणाऱ्यांनी (आणि असे शहाणे प्रत्येक सांत्वनाला हजर असतात) हा फरक जरूर लक्षात घ्यावा.

शिवाय हेच तुकोबा दुसरीकडे ‘माझे लेखीं देव मेला’ असेही ठणकावतात. वारकरी परंपरेने हा अभंग गाथेतून वगळला नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण देवाशी भांडणाराही शेवटी त्यालाच समोर धरून बोलत असतो. मला खरी चिंता सुखाच्या काळाची वाटते. तेव्हा नैवेद्य दाखवला जातो खरा, पण लक्ष बहुधा ताटाकडे असते. माझे तरी असते.