‘कमी खा, जास्त पळा’ म्हणून हात झटकणाऱ्यांना

कोराकागद

परवा निर्भीड_मत यांनी लिहिलं की लठ्ठपणा रोखण्यावरचं संशोधन म्हणजे जनतेच्या पैशाची नासाडी, उत्तर शेंबड्या पोरालाही माहितीये, कमी खा नि जास्त पळा. जाता जाता दम्याच्या मुलांवरही घसरले, की ही पोरं आईबापांनी घरात बसवून ठेवलेली असतात म्हणून जाड होतात आणि जाड होतात म्हणून धापा टाकतात, मैदानात सोडा आपोआप बरी होतील. खाली ‘अगदी मनातलं बोललात’ म्हणणाऱ्यांची रांग. तिथे उत्तर दिलं असतं तर वाहून गेलं असतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

कमी खा जास्त पळा हे चूक आहे असं कोणीच म्हणत नाही हो. प्रश्न असा की नुसतं सांगून लोक तसं वागतात का. कित्येक दशकं जगभर हाच सल्ला देऊन झाला, आणि 1990 पासून मोठ्या माणसांतला लठ्ठपणा दुपटीहून जास्त झाला, किशोरवयीन मुलांमधला चौपट. अख्ख्या जगाची इच्छाशक्ती एकदमच गळाली का? की आजूबाजूला जे स्वस्त, जे समोर, जे सोपं, ते बदललं? हे शोधायला संशोधनच लागतं.

एकच उदाहरण देते. ब्रिटनने साखरेच्या पेयांवर कर 2016 मध्ये जाहीर केला आणि एप्रिल 2018 मध्ये लावला. 100 मिलीत 5 ग्रॅम किंवा जास्त साखर असेल तर कर, 8 किंवा जास्त झाली की आणखी कर. मधल्या दोन वर्षांत कंपन्यांनीच पेयातली साखर उतरवली, गिऱ्हाइकाला भाषण द्यावं लागलं नाही. नंतरच्या अभ्यासात 10-11 वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा साधारण 8 टक्क्यांनी कमी दिसला, गरीब वस्त्यांत जास्त. आणि 2024 च्या एका अभ्यासात इंग्लंडमध्ये दम्यासाठी मुलांना ॲडमिट करायचं प्रमाण, कर नसता तर जेवढं अपेक्षित होतं त्यापेक्षा सुमारे 20 टक्के खाली होतं. ही नासाडी?

निर्भीड_मत

नाव घेऊन लिहिलंत, बरं झालं, मीही तोंडावरच बोलतो.

तुम्ही सोयीचा आकडा दिलात. मुलींमध्ये 8 टक्के, आणि मुलांमध्ये? त्याच अभ्यासात मुलांमध्ये काहीच फरक दिसला नाही, ते गाळलंत. दुसरं, तुमच्याच लाडक्या ब्रिटनमध्ये 54 प्राथमिक शाळांत वर्षभर कार्यक्रम राबवला, रोज अर्धा तास जादा हालचाल, पालकांना स्वयंपाकाचे वर्ग, सगळं. 2018 मध्ये निकाल आला, वजनात म्हणावा असा फरक नाही. एवढी माणसं, एवढा पैसा, एवढे फॉर्म, आणि हाती धुपाटणं. याला नासाडी नाही तर काय म्हणायचं?

मी स्वतः चाळिशीत वजन उतरवलंय, कुठल्या सरकारने माझ्यावर कर लावला म्हणून नाही. रोज पहाटे उठलो, रात्रीचं जेवण तोडलं. ज्याला करायचंय तो करतो.

कोराकागद

मुलांमध्ये फरक दिसला नाही हे खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणू शकता. पण 54 शाळांचा निकाल माझ्या बाजूचा आहे, तुमच्या नाही. त्या कार्यक्रमात काय होतं? हालचाल करा, नीट खा, म्हणजे तुमचाच मंत्र, जरा नीटनेटका बांधून दिलेला. तो चालला नाही. मूल शाळेतून बाहेर पडलं की बाकीचं जग होतं तसंच होतं. ही चाचणी झाली नसती तर सगळ्या देशभर हाच कार्यक्रम लावून वर्षानुवर्षं पैसा ओतला असता. एखादी गोष्ट चालत नाही हे कळणं हाही निकालच आहे.

तुम्ही उतरवलंत, मनापासून अभिनंदन. पण पहाटे उठणं ज्याला परवडतं, ज्याची रात्रपाळी नाही, त्याचं उदाहरण घेऊन सगळ्यांसाठी धोरण कसं आखणार?

मोडका_टाइपरायटर

दोघांनाही थोडं थांबवतो, आकड्यांचं काम करतो म्हणून राहवत नाही.

कोराकागद, दम्याचा तो 20 टक्केवाला अभ्यास कराच्या आधीच्या आकड्यांची रेघ पुढे ओढून नंतरच्या रेघेशी ताडून पाहण्याचा आहे. त्याच काळात दुसरं काही बदललं असेल तर तेही त्या आकड्यात जाऊन बसतं. अटलांटाचं आठवा. 1996 च्या ऑलिंपिकमध्ये शहरातली गाड्यांची गर्दी कमी केली, ओझोन (धुरातून जमिनीजवळ बनणारा, छातीला त्रासदायक वायू) उतरला, मुलांचे दम्याचे ॲटॅक उतरले, 2001 मध्ये शोधनिबंध आला आणि जगभर दाखला झाला की गाड्या कमी करा दमा कमी होतो. नंतर दुसऱ्यांनी तेच पुन्हा तपासलं तर आजूबाजूच्या ज्या भागांत ऑलिंपिक नव्हतं तिथेही त्या दिवसांत ओझोन उतरलेला, म्हणजे हवामानाचा हात होता. आधीच्या-नंतरच्या वर्षांशी ताडल्यावर ॲटॅकमधली घटही तशी ठाम उरली नाही.

म्हणून कर वाईट असं मी म्हणत नाहीये. पण एका अभ्यासावर उडी मारू नका.

उलट बाजूलाही सांगतो, धूम्रपानबंदी बघा. स्कॉटलंडने 2006 मध्ये सार्वजनिक जागी बंदी केली, त्याआधी मुलांचं दम्यासाठी ॲडमिट होणं दरवर्षी 5 टक्क्यांच्या आसपास वाढत होतं, नंतर दरवर्षी 18 टक्क्यांनी घटायला लागलं. हाही एकटा असता तर मी अशीच खोड काढली असती. पण वेगवेगळ्या देशांत तसंच दिसलं, 2014 मध्ये सगळं एकत्र करून पाहिलं तर घट साधारण 10 टक्के निघाली. 18 चे 10 झाले पण टिकले. पुरावा असा साठतो.

दुपारची_झोप

तुमचं ते रेघांचं चालू द्या, मला निर्भीड_मत यांना विचारायचंय की दम्याचं मूल तुम्ही कधी जवळून पाहिलंय का.

माझी लेक सात वर्षांची असल्यापासून दमेकरी. दर थंडीत एकदा तरी स्टिरॉइडच्या गोळ्यांचा कोर्स, त्या गोळ्या सुरू झाल्या की ही बाई रात्री अकराला उठून जेवायला मागायची, गाल सुजायचे, वजन चढायचं. मैदानात जायची तिला हौस होती हो. पण शाळेत नियम असा की पंप (इनहेलर) दप्तरात ठेवायचा नाही, ऑफिसच्या कपाटात कुलपात. पीटीच्या तासाला छाती भरून आली तर मैदानातून दोन जिने चढून ऑफिसात जायचं, क्लार्क जागेवर नसला तर किल्ली शोधा. एकदा ती जिन्यातच बसून राहिली, ओठ निळसर, बरोबरची मुलगी रडत धावत गेली म्हणून निभावलं. त्यानंतर सरांनीच सांगितलं, हिला बाजूला बसवा. पुढे वर्षाअखेरच्या वजनमापात सगळ्या वर्गासमोर आकडा मोठ्याने वाचला आणि खाली शेरा, व्यायामाचा अभाव.

कोणी बसवलं तिला? मी?

निर्भीड_मत

ताई, तुमच्या मुलीबद्दल वाईट वाटलं. पण एक बोलतो, राग मानू नका. पंपाची सवय लागते, माझ्या चुलतभावाला लागली. खिशात पंप असला की जरा दम लागला की मारला फुस्स. शाळेने कुलपात ठेवला त्यामागे काही विचार असेलच.

दुपारची_झोप

राग मानू नका?? ओठ निळे पडलेल्या पोरीला सवय लागेल म्हणून औषध कुलपात? तुम्ही हे माझ्या तोंडावर बोलला असता का?

वाऱ्यावरची_चिठ्ठी

मी रेस्पिरेटरी नर्स आहे, रोज हेच ऐकते म्हणून सविस्तर लिहिते, विषयांतर वाटलं तरी.

‘पंप’ या एका नावाखाली दोन वेगळी औषधं येतात. एक लगेच श्वास मोकळा करणारं, दुसरं श्वासनलिकेतली सूज कमी ठेवणारं स्टिरॉइडचं, जे रोज घ्यायचं असतं. सवय वगैरे काही लागत नाही. तुमचा चुलतभाऊ सारखा फुस्स करत असेल तर त्याचा दमा आटोक्यात नाहीये, त्याला सूज कमी करणारं औषध हवंय, पहिल्या भेटीत हेच बघितलं जातं. ही चेष्टा नाही. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या 195 मृत्यूंची चौकशी झाली, 2014 चा अहवाल, त्यात मोकळं करणारं औषध घेणाऱ्या ज्यांचा हिशोब मिळाला त्यातल्या 39 टक्के लोकांना शेवटच्या वर्षात असे 12 पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते, आणि कोणी थांबून विचारलं नव्हतं की इतके का लागतायत. 2019 पासून जागतिक मार्गदर्शक सूचनाच बदलल्या, मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर ठेवू नका म्हणून.

आणि हो, ताईंच्या मुलीसारखी मुलं आमच्याकडे ढिगाने येतात. घाबरून सूज कमी करणारा पंप टाळतात, त्यातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, मग ॲटॅक येतो आणि गोळ्या मिलिग्रॅममध्ये घ्याव्या लागतात. वजन त्या गोळ्यांनी चढतं. वजन जास्त असलं की दमा व्हायची शक्यता वाढते हेही खरंच, पण गाडी दोन्ही दिशांनी चालते, तुम्ही एकच दिशा धरलीत.

मोडका_टाइपरायटर

वजन वाचून दाखवण्याबद्दल एक. कॅलिफोर्नियात शाळांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटून पाहिलंय, घरी बीएमआयचा (उंचीच्या मानाने वजनाचा) रिपोर्ट पाठवून वजनात काही फरक पडला नाही, शाळेत वजन केलेली मुलं मात्र स्वतःच्या वजनावर जास्त नाराज झाली. आणि तिथे रिपोर्ट घरी पाठवलेला, वर्गात वाचलेला नव्हे.

कोराकागद

हाच तर माझा मुद्दा. फुकटचं, सोपं, आणि मुलाच्याच माथी मारता येतं म्हणून शाळा वजन करत बसतात. कपाटाचं कुलूप काढायला एक कागद पुरतो, ते कोणी करत नाही.

निर्भीड_मत

नर्सबाई, चुलतभावाला दाखवायला सांगतो. दप्तरात पंप राहू द्या, हे मान्य, ताईंना बोललो ते मागे घेतो.

पण करावरून मी तसूभर हलणार नाही. डेन्मार्कने 2011 मध्ये चरबीवर कर लावला, लोक शेजारच्या देशात जाऊन लोणी आणायला लागले, सव्वा वर्षात कर गुंडाळला. त्यावर कोणी का बोलत नाही? आणि करच लावायचा तर तो पैसा जातो कुठे ते आधी दाखवा.

कोराकागद

बोलते की. डेन्मार्कचा कर किमतीतून गिऱ्हाइकाच्या बिलावर आला, कंपनीला माल बदलायला ब्रिटनइतका वेळ दिला नाही, आणि मोजमाप पुरं व्हायच्या आत मागे घेतला. ब्रिटनने उंबरठा आखून दिला, 5 ग्रॅमच्या खाली या आणि कर भरू नका, वर दोन वर्षं दिली. दोन्हीला ‘कर’ म्हणून एकाच पोत्यात भरू नका. पैसा कुठे जातो या प्रश्नावर मात्र मी तुमच्याबरोबर आहे, त्याचा हिशोब दरवर्षी छापून यायलाच हवा.

दुपारची_झोप

मागे घेतलंत ते वाचलं. तुमची ती पोस्ट अजून तशीच आहे, ‘मैदानात सोडा, आपोआप बरी होतील’. ती दुरुस्त करा, तिथे लोक अजून लाइक करतायत.