वेदर रेडिओ फक्त आपल्या भागापुरता कसा लावायचा? (फ्रिस्को, टेक्सस)

फ्रिस्कोकर: सेम (SAME) कोडवाला वेदर रेडिओ घेतलाय, म्हणजे भरलेल्या कोडच्या काउंटीला (जिल्ह्यासारखा विभाग) हवामानाचा इशारा आला की आपोआप वाजणारा. प्लग लावला, सगळ्यात खणखणीत ऐकू येणारं चॅनेल निवडलं, बाकी होतं तसंच ठेवलं. आता लांबलांबच्या काउंटींच्या इशाऱ्यांनीही रात्री-बेरात्री भोंगा वाजतो. घरचे म्हणतात, बंद करा. पण मे महिन्यात आई-बाबा येताहेत, दिवसभर दोघंच घरी असतील, म्हणून तो चालू हवाच आहे. कोणी नीट सांगेल का?

नैऋत्य: बंद करू नका, दहा मिनिटांचं काम आहे. तुमचं लोकेशन ‘एनी’वर राहिलंय, त्यामुळे त्या ट्रान्समीटरवरून जाणारा प्रत्येक इशारा रेडिओ तुमचाच धरतो. मेन्यूत जाऊन ते ‘मल्टिपल’ करा. फ्रिस्को दोन काउंटींत पसरलंय, तेव्हा दोन्ही कोड भरा: कॉलिन 048085 आणि डेंटन 048121. पहिलं शून्य म्हणजे पूर्ण काउंटी, 48 म्हणजे टेक्सस, शेवटचे तीन आकडे काउंटीचे. झिप कोड इथे चालत नाही.

दुसरी चूक जास्त धोक्याची. आवाज स्वच्छ येतो म्हणून चॅनेल निवडायचं नसतं. 162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झमध्ये सात फ्रिक्वेन्सी आहेत आणि प्रत्येक ट्रान्समीटर ठरावीक काउंटींचेच कोड पाठवतो. त्यात तुमची काउंटी नसेल, तर एरवी हवामान छान ऐकू येईल, ऐन वेळी मात्र रेडिओ गप्प बसेल. तुम्ही डॅलसच्या ट्रान्समीटरचं केईसी-56 लावा, 162.400. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या साइटवरच्या काउंटीवार यादीशी एकदा ताडून बघा. चॅनेलचा क्रमांक कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे फ्रिक्वेन्सीच बघायची. आणि आत अल्कलाइन सेल घाला, कारण वादळात आधी वीज जाते.

तारवाला: जागेचंही बघा. कोड म्हणजे बोलण्याआधी येणारा खरखरीसारखा डिजिटल आवाज. तो तीनदा पाठवतात. सिग्नल कमजोर असला तर माणसाला शब्द कळतात, पण रेडिओला कोड वाचता येत नाही. म्हणून ‘ऐकू येतंय ना’ ही खरी परीक्षा नव्हे. एरियल पूर्ण ओढून उभा करा, रेडिओ डॅलसच्या बाजूच्या खिडकीशी ठेवा. राउटर, चार्जर आणि स्वस्तातले एलईडी दिवे यांच्यापासून निदान मीटरभर लांब.

खरी परीक्षा बुधवारची. साप्ताहिक चाचणी बहुधा सकाळी 11 ते 12 च्या दरम्यान येते. बऱ्याच मॉडेलांत तेव्हा भोंगा वाजत नाही, फक्त पडद्यावर नोंद दिसते. वादळी हवा असेल तर चाचणी पुढे ढकलतात, तेव्हा एक बुधवार चुकला म्हणून घाबरू नका. लागोपाठ दोन चुकले तर मात्र कोड, फ्रिक्वेन्सी आणि जागा, याच क्रमाने तपासा.

फ्रिस्कोकर: दोन्ही कोड भरले, शांतता आहे. पण काल फार्मर्सव्हिलकडच्या वादळासाठी वाजला. ते तर पार पूर्वेला. काही चुकलं का?

नैऋत्य: नाही, फार्मर्सव्हिल कॉलिनमध्येच येतं. 2007 पासून वॉर्निंग (धोका समोर आल्याचा इशारा) नकाशावर बहुभुज आखून देतात, पण रेडिओ ओळखतो काउंटी. कोपऱ्यात वादळ असलं तरी तो वाजणारच. भोंग्यानंतर गावांची नावं आणि वादळाची दिशा ऐका. फोनवरचा इशारा बहुभुजापुरता येतो, म्हणून दोन्ही ठेवा. फोनच्या भरवशावर रेडिओ काढू नका, टॉवर बंद पडला की फोन मुका.

ओसरी: मेन्यूत सोय असेल तर पुराचे वॉच (धोक्याची नुसती शक्यता सांगणारी सूचना) वगैरे बंद करा. सिव्हियर थंडरस्टॉर्म वॉर्निंग मात्र चालूच ठेवा. ती 1 इंची गारा किंवा ताशी 58 मैल वाऱ्याला देतात, आणि टोर्नॅडो अशाच वादळांतून उतरतो.

आई-बाबांसाठी रेडिओशेजारी मराठीत चिठ्ठी चिकटवा. बहुतेक रेडिओंवर लाल दिवा म्हणजे वॉर्निंग, नारिंगी म्हणजे वॉच. तुमच्यावरचे रंग बघून लिहा. ‘लाल दिवा आणि पडद्यावर टोर्नॅडो: लगेच बूट घालून जिन्याखालच्या कपाटात. नारिंगी: फोन चार्जिंगला, बूट जवळ, रेडिओ ऐकत राहा.’ पडद्यावर टोर्नॅडो हा शब्द इंग्रजीत कसा दिसतो तेही चिठ्ठीवर लिहा. ते आले की टेस्टचं बटण दाबून भोंगा एकदा ऐकवा आणि तो कोणत्या बटणाने थांबतो ते त्यांच्याच हातून करून घ्या.