छेत्री मोठा की चुनी-पीके? नुसते गोल मोजून ठरवायचं का?

कूपरेजवाला
सुनील छेत्री हाच भारताचा आजवरचा सर्वोत्तम फुटबॉलपटू, असं हल्ली सर्रास म्हटलं जातं. पुरावा काय, तर जून 2024 मध्ये कुवेतविरुद्ध निरोपाचा सामना खेळला तोवर 151 सामने, 94 गोल. छेत्रीबद्दल मला मनापासून आदर आहे. पण हा आकडा चुनी गोस्वामी आणि पी. के. बॅनर्जी यांच्यासमोर ठेवणं अन्यायाचं आहे. त्यांना आंतरराष्ट्रीय सामने मिळायचेच मोजके, आणि चुनी तर तिशीच्या आत भारताकडून खेळायचे थांबले. समोर कोण होतं ते बघा ना! 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये फ्रान्सशी 1-1 बरोबरी, गोल पीकेंचा. हंगेरीशी हरलो तेही 1-2 असे, आणि त्या संघात फ्लोरियन अल्बर्टसारखा नामांकित फॉरवर्ड होता. 1962 ला जाकार्ताच्या एशियाडमध्ये दक्षिण कोरियाला 2-1 हरवून सुवर्ण. छेत्रीच्या गोलांमधून नेपाळ, मालदीव वगळा आणि मग बोला.

निळी जर्सी
मग तुमच्याही यादीतून काही वगळावं लागेल. ऑलिम्पिक तेव्हा हौशी खेळाडूंचं होतं. रोमला आलेला फ्रान्स म्हणजे 1958 च्या विश्वचषकात तिसरा आलेला फाँतेनचा संघ नव्हे. 1956 ला मेलबर्नमध्ये आपण चौथे आलो ते हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिली फेरी न खेळताच पुढे जाऊन. जाकार्तात इस्रायल आणि तैवानला येऊच दिलं नव्हतं. जपानची व्यावसायिक लीग 1993 ची. छेत्रीच्या वाट्याला आलेला आशिया पूर्ण वेगळा, आशियाई स्पर्धांत आता ऑस्ट्रेलियासुद्धा खेळतो. 2011 च्या आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला, तरी त्याने बहारीन आणि दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केले.

मांडवीकाठ
दोघेही नेव्हिल डिसोझांना विसरलात! मुंबईचा हा फॉरवर्ड. मेलबर्नमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत 4-2 ने विजयी. स्पर्धेत एकूण चार गोल, म्हणजे सर्वाधिक गोल करणाऱ्यांत संयुक्तपणे पहिले. मला हीच मोजपट्टी पटते: आपल्याच काळातल्या इतरांपेक्षा खेळाडू किती पुढे होता? आणि गोलच मोजायचे तर बचावपटू जर्नेल सिंग, गोलरक्षक थंगराज आणि आमचे ब्रह्मानंद संखवाळकर यांना कुठे बसवणार?

कूपरेजवाला
मोजपट्टी मान्य. थायलंड घ्या. 1962 ला आपण त्यांना 4-1 हरवलं, गोल पीके, चुनी आणि बलराम यांचे. 2019 च्या आशिया चषकात पुन्हा 4-1, छेत्रीचे दोन. पण 1962 चा संघ पुढे सुवर्ण जिंकला, 2019 चा गटातच बाद झाला.

निळी जर्सी
हेच तर! चुनींच्या एका बाजूला पीके, दुसऱ्या बाजूला बलराम, मागे जर्नेल, आणि बाहेर रहीमसाहेबांसारखा प्रशिक्षक. छेत्रीने वर्षानुवर्षं जवळजवळ एकट्याने आक्रमण ओढलं. संघाचं यश चुनींच्या नावावर टाकायचं आणि संघाचं अपयश छेत्रीच्या, हे मला मान्य नाही. तुमच्या मोजपट्टीने सांगा, 2011 ते 2023 या काळात त्याच्या जवळपास पोहोचलेला दुसरा भारतीय फॉरवर्ड कोण?