दिवाळी सेल: फायदा होतो की नुसती खरेदी वाढते?

सिडकोकर: दसऱ्यापासून आमच्या सोसायटीच्या गेटवर ऑनलाइन सेलच्या खोक्यांचा ढीग लागतोय, अन मला खरंच वाईट वाटतं की सूट किती ते लोक बघतात पण कशावर ते कोणी बघत नाही. सूट मोजतात एमआरपीवरून, आणि त्या भावाने वर्षभर कोणी ती वस्तू विकतच नाही. परवा एक मिक्सर बघितला, ६००० खोडून ३२००, मोठ्या अक्षरात ४७ टक्के सूट, आणि तोच मिक्सर आपल्या नाशिकच्या मेन रोडला एरवीही ३४००ला मिळतो. म्हणजे वाचले २०० रुपये. वर ते उलटं धावणारं घड्याळ आणि 'फक्त २ शिल्लक'. खोटी घाई लावणं हा ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ला बंदी घातलेल्या ऑनलाइन फसवणुकीच्या १३ प्रकारांतला पहिलाच प्रकार आहे, तरी चालूच. माझं म्हणणं, सेलच्या आठवड्यात काही घेऊच नये.

सातपूरची ताई: दादा, सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. आमच्या ह्यांचा कंपनीतला बोनस दिवाळीलाच होतो, एरवी एकरकमी पैसे हातात येतात कुठे, मग फ्रीज तेव्हाच घेणार ना? २०२५ला २२ सप्टेंबरपासून एसी अन मोठ्या टीव्हीचा जीएसटी २८चा १८ झाला, तेव्हा थांबून दिवाळीला घेणाऱ्यांचे पैसे वाचलेच की.

सिडकोकर: ताई, जीएसटी कमी झाला तो काय सेलपुरता नाही, त्याचं श्रेय सेलला कशाला?

रविवार कारंजा: मला सेलपेक्षा हप्त्यांचा जास्त राग येतो. नो कॉस्ट ईएमआय म्हणजे बिनव्याजी हप्ते म्हणतात पण स्टेटमेंट नीट वाचा, बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा करतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी अन बऱ्याचदा प्रोसेसिंग फी आपल्याच खिशातून जाते. शिवाय रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती गेलीच. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने २०१३लाच सांगितलंय. पोरं पहिल्या पगारावर तीन-तीन हप्ते लावून बसतात, जीव तुटतो बघून.

सातपूरची ताई: हप्त्याचं पटलं, फ्रीज रोखीनेच घेऊ. पण घेऊच नये हे नाही पटत. दिवाळीत मेन रोड-शालिमारला पाय ठेवायला जागा नसते, सासूबाईंचे गुडघे गेलेत, त्यांना घेऊन मी किती दुकानं फिरू? घरी बसून दोघी मिळून भाव बघतो, त्यांनाही बरं वाटतं. आमची यादी गणपतीतच तयार असते अन तेव्हाच्या भावाचे स्क्रीनशॉट पण काढून ठेवते, त्यापेक्षा कमी दिसला तरच घेते, नाहीतर पाडव्याला दुकानातून.

सिडकोकर: असं स्क्रीनशॉट ठेवून घेत असाल तर माझा विरोध नाही, फक्त मॉडेल नंबर पूर्ण जुळवा, सेलला बऱ्याचदा शेवटचं एखादं अक्षर वेगळं असलेलं मॉडेल असतं.