रिः हरिकेनचा सीझन, पुराची तयारी काय करावी?

नमस्कार मंडळी,

आम्ही मार्चमध्ये ह्यूस्टनला आलो. इथल्या केटी उपनगरात भाड्याच्या घरात राहतो. मी सांगलीची. आमच्याकडे आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा, 45 ला धोका. तेवढं कळलं की गल्लीतली माणसं सामान माडीवर चढवायला लागतात. इथे काय बघायचं? घरमालक म्हणतात, घर फ्लड झोनमध्ये नाही, काळजी नको. जूनमध्ये सासूबाई येतायत, त्यांना इन्सुलिन चालू आहे.

---

ताई,

"फ्लड झोनमध्ये नाही" हे आम्हालाही सांगितलं होतं. 2017 च्या हार्वे वादळात पाऊस चार दिवस कोसळला, पण आमच्याकडे पाणी शिरलं ते पाऊस ओसरत आल्यावर. बार्कर धरण तुंबलं आणि पाणी मागे वस्तीत चढलं. फुगवटा म्हणजे काय ते सांगलीकरांना सांगायला नको! आपण फिरायला जातो ते जॉर्ज बुश पार्क याच धरणाच्या पोटात आहे. एरवी कोरडं असतं म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटे हॉलमध्ये पाय ठेवला तर कार्पेट पचपचलं. तासाभरात देवघराची खालची फळी बुडाली.

म्हणून आधी विमा काढा. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पुराचं नुकसान धरत नाहीत, आणि घरमालकाच्या विम्यात तुमचं सामान येत नाही. सरकारी पूरविमा वेगळा घ्यावा लागतो. नुसत्या सामानाचाही मिळतो, 1,00,000 डॉलरपर्यंत. मात्र तो साधारणपणे 30 दिवसांनी लागू होतो. टीव्हीवर वादळाचं नाव ऐकून धावपळ केली तर उपयोग नाही.

आयर्विन पुलासारखी पातळी इथेही बघता येते. हॅरिस काउंटीच्या पूर-इशारा वेबसाइटवर प्रत्येक बायूचं (बायू म्हणजे इथले संथ ओढे) पाणी मोजणारं गेज आहे, तुमच्या जवळचं आत्ताच शोधून ठेवा.

इन्सुलिनसाठी कूलर आणि आइसपॅक हवेत. कुपी बर्फाला चिकटू देऊ नका, गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही.

आणि हे कळकळीने सांगतो: रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी मागे फिरवा. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी ओढून नेतं, दोन फुटांत मोठ्या गाड्याही जातात. घरात पाणी वाढलं तर बंद पोटमाळ्यात चढू नका, तिथून बाहेर पडायला वाट नसते.

– काका

---

काकांच्या पत्रात एक भर. पाणी ओसरल्यावर काहीही फेकण्याआधी फोटो काढा, भिंतीवरची पाण्याची रेघसुद्धा. आम्ही ओला सोफा घाईने रस्त्यावर टाकला, मग विम्याच्या माणसाला दाखवायला काही उरलं नाही. ताई, आमचं घर दुमजली आहे. वेळ आली तर सासूबाईंना घेऊन सरळ या, विचारत बसू नका.

– वहिनी

---

काका, वहिनी, मनापासून आभार. आज 10 मे, सामानाचा विमा काढला. 9 जूनला लागू होतोय. सासूबाई 14 ला पोचतात.