नुवीत स्वतःची ठिकाणं चढवली, पण इशारा वाजत नाही (कऱ्हाड–चिपळूण रस्ता)

पाटणखोरे:
नमस्कार मंडळी. गाडीत गार्मिनचा नुवी (रस्ता दाखवणारं जीपीएस उपकरण) आहे. कऱ्हाड–चिपळूण रस्त्यावरचे पांढरे पट्टे नसलेले स्पीडब्रेकर, कुंभार्ली घाटातली आंधळी वळणं आणि घाट सुरू होतो ती जागा, अशी ३४ ठिकाणं गूगल मॅपवरून उतरवून एक्सेलमध्ये भरली. त्याची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) करून पीओआय लोडर या गार्मिनच्या संगणकावरच्या प्रोग्रॅमच्या एक्सप्रेस मोडने नुवीवर चढवली. नुवीच्या यादीत सगळी नावं दिसतात, पण हेळवाकजवळचा ब्रेकर ७,१०० किमी लांब दाखवतो आणि त्याच्यावरून गाडी गेली तरी आवाज नाही. काय चुकलं? आणि इशारा किती मीटर आधी ठेवावा? पावसाळ्यात घाटात धुकं असतं आणि मोबाईलला रेंज नसते, म्हणून हे उपकरणातच हवं आहे.

रेखांशआधी:
७,१०० किमी या आकड्यातच उत्तर आहे. गूगल मॅप आधी अक्षांश देतो, मग रेखांश. पीओआय लोडरच्या सीएसव्हीत क्रम उलटा लागतो: आधी रेखांश, मग अक्षांश, मग नाव, मग हवं तर वर्णन. तुमचे रकाने उलटे पडले, त्यामुळे सगळी ठिकाणं ७३ अंश उत्तर, १७ अंश पूर्व इथे गेली. म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडच्या खालच्या समुद्रात. पुण्याचं उदाहरण घेतलं तर ओळ अशी हवी:

७३.८५६७,१८.५२०४,पुणे

इथे वाचायला देवनागरी अंक लिहिले आहेत. फाइलमध्ये अंक इंग्रजीच टाका. नावंही रोमन लिपीत ठेवलेली बरी, नाहीतर पडद्यावर चौकोन उमटण्याची शक्यता असते.

एक्सेलच्या दोन खोड्या तपासा. रकान्याला दोनच दशांश स्थळं ठेवली असतील तर सीएसव्हीतही दोनच जातात, आणि मग ठिकाण अर्ध्या-पाऊण किलोमीटरपर्यंत सरकतं. पाच स्थळं ठेवा, म्हणजे चूक एखाद्या मीटरच्या आत राहते. दुसरं, अंश-कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) आणि दशांश यांची गल्लत. १७ अंश ३० कला म्हणजे १७.५, १७.३० नव्हे, तेवढ्या फरकाने २२ किमीची चूक होते. पहिल्या ओळीत रकान्यांची शीर्षकं ठेवू नका, आणि वर्णनात स्वल्पविराम असेल तर ते वर्णन दुहेरी अवतरणचिन्हांत घाला.

अठरासेकंद:
जागा दुरुस्त झाली तरी एक्सप्रेस मोडमध्ये तुम्हाला अंतर ठरवता येणार नाही. मॅन्युअल मोड घ्या. त्यात लोडर एकेका फाइलसाठी विचारतो: इशारा नको, अंतरावर हवा, की वेगावर. त्याआधी एकक विचारतो, तिथे मीटर आणि किमी प्रतितास निवडा. मैल राहिले तर ताशी ६० किमीऐवजी ६० मैल, म्हणजे ९७ किमी धरले जातात आणि वेगाचा इशारा वाजतच नाही.

अंतरासाठी सोपा हिशेब: त्या जागी गाडीचा जो वेग असतो त्याला ५ ने गुणा, तेवढे मीटर. ८० च्या वेगाला ४०० मीटर, ६० ला ३००, ४० ला २००. कोणत्याही वेगाला हे बरोबर १८ सेकंद होतात. टोन ऐकणं, आरसा पाहणं, पाय ब्रेकवर नेणं आणि मागच्या एसटीला अंदाज येईल इतकं हळू होणं, एवढ्याला ते पुरतात. १ किमी आधी ठेवलेला इशारा ब्रेकर येईपर्यंत विसरला जातो.

एका फाइलला एकच अंतर मिळतं, म्हणून फाइली वेगळ्या करा: मोकळ्या रस्त्यावरचे ब्रेकर, गावातले ब्रेकर, घाट. गावात ५० मीटरच्या अंतराने तीन ब्रेकर असतील तर फक्त पहिला टाका. सतत वाजणारा इशारा माणूस बंद करून टाकतो, आणि मग उपयोगाचाही जातो.

पाटणखोरे:
रकाने उलटेच होते, आता अंतरं बरोबर येतात. मोकळ्या रस्त्यावर ४०० मीटरला टोनही वाजला. घाटात मात्र एकाच वळणासाठी खालच्या रस्त्यावर एकदा आणि वर एकदा, असं दोनदा वाजतं.

घाटवाट:
तो दोष तुमच्या फाइलचा नाही. उपकरण ठिकाणाभोवती वर्तुळ धरतं आणि सरळ रेषेत अंतर मोजतं. रस्ता किती वळणं घेऊन जातो, गाडी वर चालली आहे की खाली, हे त्या वर्तुळाला कळत नाही. नागमोडी घाटात ३०० मीटरच्या वर्तुळात रस्त्याचे दोन-तीन पदर सहज येतात. म्हणून घाटाच्या फाइलला ३० च्या वेगाने १५० मीटर ठेवा, आणि प्रत्येक वळण टाकू नका. पायथा, माथा आणि समोरचं वाहन अजिबात न दिसणारी निवडक वळणं पुरेत.

पायथ्याला आणि माथ्याला वेगाचा इशारा उत्तम. नावाच्या शेवटी @ आणि वेग लिहायचा, उदाहरणार्थ कुंभार्ली@३०. त्या वेगाच्या वर असाल तरच वाजतो, हळू असाल तर गप्प. ब्रेकरला मात्र हे वापरू नका. धुक्यात २५ ने जातानाही ब्रेकर पुढे आहे हे कळायलाच हवं.

प्रत्येक ठिकाणाला वेगळं अंतर द्यायचं असेल तर सीएसव्हीऐवजी जीपीएक्स (जीपीएस ठिकाणांच्या फाइलचा दुसरा प्रकार) वापरा. त्यात गार्मिनने जोडलेल्या भागात (एक्स्टेन्शन) प्रॉक्सिमिटी, म्हणजे इशाऱ्याचं अंतर, हा घटक असतो, आकडा मीटरमध्ये. अक्षांश आणि रेखांश तिथे नावानिशी लिहावे लागतात, त्यामुळे उलटापालटही टळते. नवी ठिकाणं नकाशावर अंदाजाने शोधण्यापेक्षा शेजारी बसलेल्याने त्या जागी नुवीवर ‘सेव्ह’ करावं. ती उपकरणातल्या गार्मिन फोल्डरमध्ये, जीपीएक्सच्या आत ‘करंट’ नावाच्या फाइलमध्ये मिळतात. नुसतं सेव्ह केल्याने इशारा वाजत नाही, ती फाइल लोडरमधून पुन्हा चढवावी लागते.

राइनकाठ:
युरोपात गाडी चालवणाऱ्यांसाठी: हीच पद्धत वेगमापक कॅमेऱ्यांसाठी वापरू नका. जर्मनीत चालकाने गाडी चालवताना असा इशारा वापरला तर ७५ युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंड-पॉइंट. स्वित्झर्लंड त्याहून कडक आहे, तिथे असं उपकरण जप्तही होतं. ब्रेकर, शाळा, घाट यांना काही अडचण नाही.

अठरासेकंद:
राहिलेलं थोडं. लोडर दर वेळी जुनी फाइल पुसून नवी लिहितो. म्हणून सगळ्या सीएसव्ही संगणकावर एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि एक वाढवली तरी सगळ्या एकत्र चढवा. सीएसव्हीच्याच नावाची वॅव (आवाजाची) फाइल शेजारी ठेवली तर अनेक मॉडेलवर बीपऐवजी ती वाजते. ‘पुढे ब्रेकर’ एवढंच, दोन सेकंदांत संपेल असं रेकॉर्ड करा. त्याच नावाची २४ गुणिले २४ पिक्सेलची बीएमपी (चित्राची) फाइल ठेवली की नकाशावर तुमचं चिन्ह येतं.

नुवी संगणकावर दिसतच नसेल तर बहुधा गाडीतल्या चार्जरची वायर लावलेली असते, तिच्यातून डेटा जात नाही. साधी मिनी यूएसबी डेटा केबल लावा. काढताना आधी ‘इजेक्ट’ करा, नाहीतर फाइल अर्धवट लिहिली जाते आणि यादी रिकामी दिसते.