बुद्धिबळात तीनदा तीच स्थिती आली की बरोबरी: हा नियम बदलायला हवा का?

अडीचघर:
एकाकडे हत्ती जास्त. दुसऱ्याकडे उरलाय फक्त शह देत सुटलेला वजीर. तो दोन घरांत ये-जा करतो आणि बरोबरीचा अर्धा गुण खिशात घालतो. हा कसला न्याय? चिनी बुद्धिबळात सतत शह देणाऱ्यालाच खेळी बदलावी लागते, नाहीतर तो हरतो. जपानी शोगीत तीच स्थिती चौथ्यांदा आली तर डाव नव्याने मांडतात, पण ती सतत शह देऊन आणली असेल तर शह देणारा हरला. मग आपल्याच खेळात पळवाट कशाला?

किल्लेकोट:
हत्ती जास्त असलेल्याने राजा उघडा का टाकला होता, तेही सांगा की! शहापासून राजाला आडोसा नसेल तर ती 'जिंकलेली' स्थिती नव्हतीच.

जुनाप्यादा:
दोघेही शहावरच अडलात. नियमाला शहाशी घेणं नाही, तो स्थिती मोजतो. बरेच जण खेळ्या मोजतात आणि तिथेच फसतात. १९७१, ब्यूनस आयर्स, बॉबी फिशर आणि टिग्रान पेट्रोसियन या दिग्गजांच्या सामन्याचा तिसरा डाव. ३०व्या खेळीला फिशरचा वजीर ई२ (पटावरच्या घराचं नाव) वर. मग काळ्याचा, म्हणजे पेट्रोसियनचा, वजीर ई५ वर जाऊन परत एफ६ वर आला. पुढच्या खेपेला काळ्याचा हत्ती ई५ वर जाऊन डी५ वर परतला. खेळ्या वेगळ्या, पण पट प्रत्येक वेळी तोच. फिशरने ३४वी खेळी (पुन्हा वजीर ई२) कागदावर लिहून बरोबरी मागितली आणि ती मिळाली. स्थिती पेट्रोसियनची चांगली होती.

अडीचघर:
म्हणजे माझंच म्हणणं! चांगली स्थिती असलेल्याचं नुकसान झालं.

जुनाप्यादा:
त्याच्यावर कोणी जबरदस्ती केली होती? हत्ती डी५ वर परत नेला नसता तर प्रश्नच नव्हता. आणि शिक्षा करायची तर कोणाला? फिशरचा वजीर परतला, पेट्रोसियनचा हत्तीही परतला. पुनरावृत्तीला दोन हात लागतात.

पंचगिरी:
नियमाबद्दल थोडं, कारण वाद नेहमी इथेच होतात. आपल्या खेळीने तिसऱ्यांदा तीच स्थिती येणार असेल तर खेळी पटावर करायची नाही. ती लिहायची, घड्याळ थांबवायचं आणि पंचांना बोलवायचं. आधी मोहरा हलवला तर त्या खेळीपुरता हक्क गेला. मागणी चुकली तर प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं जादा मिळतात. मोहरे जागच्या जागी असणं पुरेसं नाही: चाल त्याच खेळाडूची हवी, कॅसलिंगचे (राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवणं) आणि एन पासांचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने मारणं) हक्कही तेच हवेत. १९८६ मध्ये टिलबर्गला मायल्सविरुद्ध साक्षात माजी जगज्जेता कार्पोव्ह यात अडकला. त्याने बरोबरी मागितली, पण पहिल्या वेळी काळ्याला, म्हणजे मायल्सला, वजिराच्या बाजूला कॅसलिंग करता येत होतं, नंतर नाही. शेवटी मायल्सनेच बरोबरी मान्य केली. २०१४ पासून पाचव्यांदा तीच स्थिती आली तर कोणी न मागताही डाव संपतो.

वजीरबळी:
मला शहाचा त्रास नाही, ठरवून केलेल्या बरोबरीचा आहे. स्पर्धेत अमुक खेळींच्या आत बरोबरी मान्य करायची नाही असा नियम असतो, म्हणून बर्लिन बचाव या सुरुवातीतल्या त्या पाठ केलेल्या खेळ्या काढतात: वजीर ई४, डी४, ई४, डी४... चौदाव्या खेळीला दोघेही मोकळे. आयोजकांचा नियम पाळला, खेळ मात्र झालाच नाही. इथे अडीचघर यांच्याशी मी अर्धा सहमत.

किल्लेकोट:
त्याला गुणपद्धत बदला, नाहीतर असल्यांना निमंत्रण देऊ नका. त्या दोघांसाठी सगळ्यांचा नियम का मोडायचा?

अडीचघर:
ठीक, दोघांनी मिळून केलेली पुनरावृत्ती सोडतो. पण सततचा शह? तिथे राजा पळण्याखेरीज काहीच करू शकत नाही, दुसरा हात बांधलेलाच असतो. तिथे तरी शह देणाऱ्याने खेळी बदलावी.

जुनाप्यादा:
आता मुद्दा नेमका झाला, पण मान्य नाही. हत्तीचा बळी देताना खेळाडू मनाशी म्हणतो, मात नाही झाली तरी सततचा शह आहेच. तो आधार काढलात तर असे बळी कोण देईल? मग प्यादी सांभाळत बसा सगळे.